कोल्हापूरच्या उद्यमनगरात तडकलेली विंडशील्ड जोडून घेतली आणि त्याच काचेवर कन्याकुमारी करून आले, सविस्तर रिव्ह्यू

लांबच्या राइडवर विंडशील्ड तडकली की लोक सहसा दोनच गोष्टी करतात, एकतर चिकटपट्टी मारून रेटत राहतात नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन लावून पार्टची वाट बघत लॉजवर बसतात. तिसरा रस्ता आहे आणि तो बाइकच्या मेकॅनिककडे जातच नाही, तो जातो अ‍ॅक्रॅलिकचं काम करणाऱ्या माणसाकडे. नेमप्लेट, ट्रॉफ्या, दुकानांच्या पाट्या बनवतात ना, ते. हे फार कमी लोकांना माहितीये म्हणून एवढं सगळं लिहितेय, वाचायला वेळ लागेल पण ज्यांची बाइक उद्या हायवेला उभी राहणार आहे त्यांना उपयोग होईल.

गाडी माझी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११, त्यावर बाहेरून घेतलेली उंच टूरिंग विंडशील्ड, म्हणजे पुढची वारा अडवणारी पारदर्शक प्लास्टिकची काच. गणपती झाले की पुण्याहून निघायचं, एनएच ४८ ने बेंगळुरू, तिथून एनएच ४४ ने कन्याकुमारी आणि परत येताना केरळ-गोवा करत किनाऱ्याने वर यायचं असा प्लॅन, सोबत माझा भाऊ त्याच्या गाडीवर. कराड सोडल्यावर सहापदरीकरणाचं काम चालू होतं तिथे एका डायव्हर्जनवर खडीचा डंपर पुढे होता, मागचा फळका नीट लागलेला नव्हता, ताडपत्री नाही काही नाही, आणि त्यातला एक दगड रस्त्यावर आपटून सरळ माझ्या काचेवर आला. आवाज असा आला की मला वाटलं हेल्मेटवरच बसला. बाजूला घेऊन बघते तर उजवीकडच्या खालच्या स्क्रूपासून तिरका वर गेलेला वीतभर तडा आणि स्क्रूजवळचा एक तिकोनी टवका उडालेला. काच हाताने हलवली की तड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासत होत्या.

पेट्रोलपंपावर दोघं-तिघं जमले, एकाने लगेच इन्स्टंट ग्लूची ट्यूब काढली. मी लावू दिला नाही आणि हे इथेच सांगते कारण हा पहिला मोह सगळ्यांनाच होतो. त्या ग्लूने प्लास्टिकवर पांढरी झाक येते, जोड काचेसारखा कडक होतो आणि कंपनाने पुन्हा सुटतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा तो तड्यात शिरला की नंतर खरं जोडकाम करणाऱ्याला काही करताच येत नाही, कारण त्याचं केमिकल आत जायला जागाच उरत नाही. आम्ही फक्त काच कोरडी पुसली, आतून-बाहेरून रुंद पारदर्शक टेप मारली आणि साठच्या आत चालवत कोल्हापूर गाठलं. किणीचा टोलनाका गेला, तावडे हॉटेलला आत वळलो.

आधी एका सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांचं म्हणणं, ही बाहेरची काच आहे, आम्ही हात लावणार नाही, कंपनीची हवी तर मागवावी लागेल, आठवडा धरून चाला. बोलणं सभ्य होतं, तक्रार नाही, पण आमचा प्रश्न सुटला नाही. तिथेच बाहेर एक मेकॅनिक दादा चहा पीत उभा होता, तो म्हणाला ताई हे गाडीचं काम नाही, प्लॅस्टिकचं काम आहे, उद्यमनगरात जावा.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूर शहराच्या आतच असलेली कारखान्यांची वसाहत. ऑइल इंजिनं, फाउंड्री, लेथ, गिअर कटिंग, जॉबवर्क, एकाला लागून एक शेड. तुम्हाला एखादा बोल्ट जगात मिळत नसेल तर तो इथे कुणीतरी बसून करून देतो. पार्वती टॉकीजच्या बाजूने आत शिरलो, दोन ठिकाणी विचारलं आणि एका गल्लीत अ‍ॅक्रॅलिकवाल्या काकांचं दुकान सापडलं. दुकान म्हणजे काय, पत्र्याची शेड, बाहेर रंगीत शीटचे तुकडे उभे केलेले, आत एक लेझर कटिंगचं मशीन, एक हीटर लावलेलं टेबल आणि भिंतीला शाळांच्या ट्रॉफ्या. बोर्ड आहे पण धुळीने वाचता येत नाही, आणि दुकानाचं नाव इथे टाकू नका असं काकांनीच सांगितलं, एकटा माणूस आहे, फोन वाजत राहिला तर काम कधी करणार, म्हणून नाव-नंबर मागू नका प्लीज. तिथे गल्लीत विचारलंत तर कुणीही दाखवेल.

आता मुख्य गोष्ट. काकांनी काच बघितली, टेप हळूच सोलून काढली, बॅटरी लावली आणि पहिलं वाक्य बोलले, "ताई, ह्यो तडा खडीनं न्हाई गेला, स्क्रूनं गेलाय. खडी आपली निमित्ताला आली." मला आधी पटलं नाही. मग त्यांनी बाकीच्या तीन स्क्रूंची भोकं दाखवली. बॅटरी तिरकी धरली की प्रत्येक भोकाभोवती केसासारख्या बारीक रेषा दिसत होत्या, सरळ बघितलं तर काहीच नाही, तिरक्या उजेडात मात्र चांदणीसारखा आकार. नख फिरवलं तर नखाला लागत पण नव्हत्या. म्हणजे चारही भोकं आधीपासून ताणाखाली होती आणि उजवीकडचं खालचं सगळ्यात जास्त, दगड कुठेही बसला असता तरी काच तिथूनच फुटणार होती.

कारण साधं होतं. ज्या दुकानात ही काच बसवून घेतली होती तिथे स्क्रू डायरेक्ट प्लास्टिकवर आवळले होते, मध्ये रबर नाही, नायलॉनचा वायसर नाही, आणि भोक स्क्रूच्या मापाचं अगदी घट्ट. काकांनी हिशेब सांगितला तो मला फार आवडला. अ‍ॅक्रॅलिक उन्हाने फुगतं आणि गारठ्याने आकसतं, लोखंडापेक्षा पाच-सहा पट जास्त. चाळीस सेंटीमीटर रुंद काच असेल आणि सकाळच्या थंडीपासून दुपारी उन्हात उभ्या गाडीपर्यंत तीस अंशांचा फरक धरला तर ती पाऊण-एक मिलिमीटर वाढते. भोकात जागाच नसेल तर ही वाढ जाणार कुठे, ती स्क्रूवर दाब देत बसते, रोज, आणि वर हायवेचा वारा. वाऱ्याचंही लक्षात घ्या, साठ वरून नव्वदला गेलात तर वेग दीडपट होतो पण काचेवरचा जोर सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणूनच शहरात वर्षभर नीट चाललेली काच हायवेला पहिल्याच मोठ्या ट्रिपला दगा देते.

दुसरी गोष्ट अशी कळली की काच घेताना मला पॉलीकार्बोनेट (अ‍ॅक्रॅलिकपेक्षा चिवट असं दुसरं पारदर्शक प्लास्टिक) म्हणून विकली होती. काकांनी टवक्याजवळचा एक कण चिमट्यात धरला, शेडबाहेर गेले आणि लायटर लावला. तडतड करत स्वच्छ ज्योत धरली, धूर जवळपास नाही, फळासारखा गोडसर वास. "हे अ‍ॅक्रॅलिक. पॉलीकार्बोनेट असतं तर काळा धूर सोडून आपोआप विझलं असतं." नंतर ड्रिल मारताना पण फरक दाखवला, अ‍ॅक्रॅलिकचा चुरा आणि भुसा पडतो, पॉलीकार्बोनेटची लांब गुंडाळलेली तार निघते. त्यांच्याकडे पॉलीकार्बोनेटचा एक तुकडा पडलेला होता त्यावर मुद्दाम भोक पाडून दाखवलं, कामाच्या वेळात, कुठलेही जादा पैसे न घेता. अशी माणसं आहेत म्हणून रस्त्यावर निघायची हिंमत होते.

हे ओळखणं का महत्त्वाचं, तर दोन्हीचा इलाज वेगळा. अ‍ॅक्रॅलिक क्लोरोफॉर्मने जोडता येतं, ते पृष्ठभाग थोडा विरघळवतं आणि दोन्ही कडा एकमेकींत मुरतात, म्हणजे चिकटवलेला जोड नसून एकजीव झालेला जोड. पॉलीकार्बोनेट असतं तर काका केमिकल लावणारच नव्हते, त्याला सॉल्व्हंट लागलं की आतला ताण मोकळा होऊन नवीनच तडे जाऊ शकतात, त्याला ते तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून झिपटायने (प्लास्टिकच्या बांधायच्या पट्टीने) शिवतात आणि मागून पट्टी स्क्रूने आवळतात. दिसायला वाईट पण टिकतं म्हणाले.

काम कसं केलं ते नीट सांगते कारण रिव्ह्यू त्याचाच आहे.

काच गाडीवरून उतरवली, शॅम्पूच्या पाण्याने धुतली, पंख्याखाली पूर्ण वाळवली. मग तड्याचं वरचं टोक शोधायला लागले आणि यात त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घातला. डोळ्याला तडा जिथे संपतो तिथे तो खरंतर संपत नाही, अजून थोडा पुढे गेलेला असतो. काच थोडी वाकवून, मागे काळा कागद धरून, बॅटरी फिरवून त्यांनी पेनाने खूण केली, परत बघितलं, खूण पुढे सरकवली. मग त्या टोकावर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, मागे लाकडाचा ठोकळा, आणि हळू स्पीडला तीन मिलिमीटरचं भोक. ड्रिल बिटची धार त्यांनी मुद्दाम घासून बोथट केलेली होती, धारदार बिट अ‍ॅक्रॅलिकमध्ये अडकतं आणि झटक्यात टवका काढतं. या भोकाचं काम एवढंच की तड्याचं टोक टोकदार राहू नये. सगळा ताण त्या टोकावर एकवटतो म्हणून तडा पुढे पळतो, तिथे गोल भोक आलं की ताण गोलाभोवती पसरतो आणि तडा तिथेच थांबतो. मेटलच्या कामातही हेच करतात म्हणाले.

मग क्लोरोफॉर्म. छोटी सिरिंज, बारीक सुई, शेडचं दार उघडं, पंखा चालू, आम्हाला दोघांना बाहेर उभं केलं. तड्याच्या कडेला थेंब सोडला की तो आपसूक आत ओढला जातो, आणि हे प्रत्यक्ष बघण्यासारखं आहे, पांढरी चमकणारी रेघ डोळ्यांसमोर पारदर्शक होत वर वर जाते, जणू कुणी आतून पुसून काढतंय. जिथे टवका उडाला होता तिथे तीन मिलिमीटर अ‍ॅक्रॅलिकचा बोटभर रुंद तुकडा कापला, हीट गनने गरम करून काचेच्या वळणाला बसेल असा वाकवला, पूर्ण गार होऊ दिला आणि आतल्या बाजूने बसवून त्याच्याही कडेने क्लोरोफॉर्म सोडला. वरून क्लॅम्प लावला, पण क्लॅम्पच्या तोंडाला चामड्याचे तुकडे.

शेवटी चारही भोकं थोडी मोठी केली, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या आणि स्क्रूऐवजी रबरी वेलनट बसवले. हे ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगते, रबराचा छोटा बुश असतो आणि त्याच्या आत पितळी नट, स्क्रू आवळला की रबर मागून फुगतं आणि पकड घेतं, काच कुठेही धातूला लागत नाही. वरून नायलॉनचा वायसर. स्क्रू किती आवळायचा तर रबर जरासं दबलेलं दिसलं की बस्स, हाताने एलन की (षटकोनी चावी) धरून, पान्याचा जोर लावायचाच नाही. आणि इथे एक सूचना जी मी दहा ठिकाणी सांगत फिरतेय, स्क्रू सुटू नये म्हणून मेकॅनिक लोक जे निळं थ्रेडलॉकर लावतात ते विंडशील्डच्या स्क्रूला अजिबात लावू देऊ नका. अ‍ॅक्रॅलिक असो की पॉलीकार्बोनेट, ते प्लास्टिकला खातं आणि काही दिवसांनी भोकाभोवती तडे जातात. वेलनट असला की त्याची गरजही पडत नाही.

पैसे किती, तर सगळं मिळून साडेचारशे. मी पाचशे दिले तर पन्नास परत दिले. यूपीआय चालतं, बिल मात्र मिळत नाही.

काका म्हणाले जोड दहा मिनिटांत हाताला घट्ट लागेल पण खरी ताकद यायला एक दिवस जातो, त्यामुळे आज हायवेला जाऊ नका, आणि जायचंच असेल तर काच काढून बॅगेत घाला. आम्ही त्या रात्री कोल्हापुरातच राहिलो. पुढच्या मुक्कामाचं बुकिंग सरकवावं लागलं, पण दुसऱ्या दिवशी निघताना काच धरून हलवली तेव्हा घासण्याचा आवाज बंद झालेला होता.

आता रस्त्यावरचा अनुभव. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, हुबळी करत चित्रदुर्गापर्यंत मी मुद्दाम ऐंशीच्या वर गेले नाही, दर चहाला भोकाच्या पुढे तडा सरकलाय का ते बघायचं, काही नाही. चित्रदुर्गाजवळ डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या आणि कडेचा वारा सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा जरा धाकधूक होती, पण काच स्थिर. उलट आधीपेक्षा स्थिर, कारण आधी साठ-सत्तरला एक बारीक थरथर यायची ती रबरामुळे गेली. बेंगळुरूच्या पुढे कृष्णगिरी, सेलम, मदुराई हा रस्ता चांगला आहे, तिथे नव्वद-पंच्याण्णवने चालवली.

खरी परीक्षा तिरुनेलवेलीच्या खाली झाली. वळ्ळियूर, कावलकिणरू, मुप्पंदल हा पट्टा माहिती असेल, सह्याद्रीची रांग खाली संपत येते तिथल्या आरल्वाय्मोळीच्या खिंडीतून वारा नुसता ओतत असतो आणि म्हणूनच तिथे पवनचक्क्यांचं एवढं मोठं रान उभं आहे. गाडी तिरकी करून सरळ चालवावी लागत होती, ट्रकच्या आडोशातून बाहेर पडलं की झटका. तिथे काचेवर सगळ्या बाजूंनी मारा झाला आणि भाऊ शेजारून बघत होता, त्याला वरची कड हलताना दिसली पण जोडलेल्या तुकड्याचा भाग एकदम घट्ट. कन्याकुमारीला पोचल्यावर पहिलं काम बॅटरी लावून तिरकं बघणं, भोकाच्या पलीकडे रेघ गेलेली नाही. समुद्र नंतर बघितला.

परतीला एनएच ६६ ने केरळभर पाऊस होता, कामं चालू असल्याने खड्डे, डायव्हर्जन, समोरून बसचा चिखल. जोडात पाणी शिरलं नाही. कारवार, गोवा, सावंतवाडी, मग आंबोली चढून आजरा-गडहिंग्लजवरून परत कोल्हापूर. आंबोलीत धुकं इतकं होतं की काचेच्या वरूनच बघावं लागत होतं, तिथे जोडलेली काय आणि न जोडलेली काय.

उणीवा पण सांगायला हव्यात. पहिली, रात्री समोरून हेडलाइट आला की जोडाच्या रेषेवर प्रकाश फुटतो, बारीक किरण पसरल्यासारखे दिसतात. माझ्या उंचीला मी काचेच्या वरून बघते त्यामुळे त्रास कमी, पण ज्यांची नजर काचेतूनच जाते त्यांनी रात्रीची राइड टाळावी, आणि तडा नजरेच्या मधोमध असेल तर जोडून घेण्यात अर्थ नाही, काच बदलाच. दुसरी, वर पाडलेल्या भोकातून सत्तरच्या पुढे बारीक शिट्टी यायची, पहिल्या दिवशी डोकं उठलं. नंतर मी आतून पारदर्शक टेपचा तुकडा लावला तर बंद झाली, काकांना परतीला सांगितलं तेव्हा त्यांनी तिथे एक छोटी चकती चिकटवून दिली, हे आधीच करता आलं असतं. तिसरी, वेळ. काका घाई करत नाहीत, मधे दोन शाळांची माणसं ट्रॉफ्यांसाठी आली तर त्यांचंही बघितलं, आमचे तिथे चार तास गेले. बसायला एक स्टूल आहे. महिलांसाठी वॉशरूम विचाराल तर नाही, शहरात आधीच सोय बघून जा. आणि गॅरंटी वगैरे काही नाही, त्यांनी स्वच्छ सांगितलं की ट्रिप पूर्ण होईल एवढं काम केलंय, घरी जाऊन नवीन घ्या.

मी घेतली पण. यावेळी पॉलीकार्बोनेट, आणि दुकानात उभं राहून कडेचा कीस काढून दाखवा म्हणाले. दुकानदार नाराज झाला पण तार निघाली तेव्हाच पैसे दिले. बावीसशेला पडली. आता कुणी विचारेल की मग पॉलीकार्बोनेटच भारी का, तर सरळ उत्तर नाही. दगड झेलायला ते कितीतरी पट मजबूत, हातोडीने पण सहजासहजी फुटत नाही, पण ओरखडे लवकर पडतात आणि केमिकल सोसत नाही. अ‍ॅक्रॅलिक दिसायला जास्त स्वच्छ, ओरखडे कमी, पडले तर पॉलिश होतात, वाटेत जोडता येतं, पण ठोका बसला की तडकतं. डंपरमागे जायचंच असेल अशा रस्त्यांना पॉलीकार्बोनेट, शहरात आणि वीकेंडला अ‍ॅक्रॅलिक चालेल, असं माझं मत.

दोन्हीच्या सफाईबद्दल मात्र एकच नियम, पेट्रोल नाही, थिनर नाही, सॅनिटायझर नाही, आणि घरातला आरसे पुसायचा स्प्रे त्यात अमोनिया असेल तर तोही नाही. पंपावर पोरं प्रेमाने पेट्रोलचा बोळा घेऊन किडे काढायला येतात त्यांना दादा राहू दे म्हणून थांबवा, ट्रकच्या काचा पुसायचं फडकं तर लावूच देऊ नका, त्यात वाळू असते. किडे वाळले असतील तर ओला पंचा काचेवर दहा-पंधरा मिनिटं टाकून ठेवायचा, चहा होईपर्यंत सगळं सुटतं, मग पाणी ओतत मऊ कापडाने पुसायचं. ब्रेक ऑइल उडालं तर लगेच पाण्याने धुवा, त्याने पण प्लास्टिक खराब होतं.

आणि जिथे कुठलंच दुकान नाही अशा ठिकाणी तडकली तर काय, हे मला कोल्हापुरानंतर पाच-सहा जणांनी विचारलंय. तडा वरच्या कडेला असेल आणि स्क्रूपर्यंत पोचलेला नसेल तर कोरडी करून दोन्ही बाजूंनी टेप, टेप तड्याला आडवी आणि एकमेकींवर चढवत, खालून वर लावत यायची म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि वेग साठच्या आत. पण खालच्या दोन स्क्रूंपैकी एक जरी पूर्ण सुटला असेल तर अजिबात हट्ट करू नका, काच उतरवून मागे बांधा. अर्धी सुटलेली काच ऐंशीच्या वाऱ्यात मागे उलटली तर ती सरळ छातीवर-गळ्यावर येते, आणि अ‍ॅक्रॅलिकची तुटलेली कड सुरीसारखी असते. बिनाकाचेची गाडी चालवता येते, हेल्मेटची काच खाली, जॅकेटची चेन वरपर्यंत, थोडं दमायला होतं, दर तासाला थांबायचं. पुढचं मोठं शहर आलं की मेकॅनिक शोधू नका, एलईडी बोर्ड, नेमप्लेट, अ‍ॅक्रॅलिक लेटर बनवणारा शोधा. असा माणूस बहुतेक मोठ्या गावांत सापडतो, आणि क्लोरोफॉर्म, शीटचे तुकडे, हीट गन हे त्याच्याकडे सहसा असतं.

माझ्या टूलकिटमध्ये आता चार जादा वेलनट, नायलॉन वायसरची पुडी, रुंद पारदर्शक टेप आणि मापाची एलन की कायम असते, सगळं मिळून मुठीत मावतं.

रेटिंग द्यायचं तर कामाला पाचपैकी पाच, किमतीला पाच, वेळेला तीन. मुंबई-बेंगळुरू हायवेने जाताना कोल्हापूर वाटेतच आहे, तावडे हॉटेलपासून उद्यमनगर वीस मिनिटं धरा, संध्याकाळी ट्रॅफिक असतो म्हणून सकाळीच जा, दुपारी जेवणाला शेड बंद असते. काच तिथे जाऊन सोडवण्यापेक्षा आधीच उतरवून, टॉवेलात गुंडाळून न्या, आणि काही ग्लू लावला असेल तर आल्या आल्या सांगा, काका रागावतात पण मग कसं करायचं ते तेच सांगतात.